डब्यातली ॲस्पिरिनची गोळी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



डोके दुखू लागले की आपला हात आधी औषधाच्या डब्याकडे जातो. शेजारीण कण्हताना दिसली की तिलाही आपण मायेने एक गोळी देतो. मीही देत असे. म्हणून आधी माझी चूक सांगते.

एका पावसाळ्यात आमच्या ह्यांना ताप भरला. अंग ठणकत होते. मी ॲस्पिरिनची गोळी पाण्यात विरघळवून दोनदा दिली. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी विचारले, "घरी कोणती गोळी दिलीत?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुखणे डेंग्यूचेच होते. पण माझ्या गोळीने त्यात भर पडली असावी, असे ते म्हणाले. हे बरे झाले, पण तो प्रश्न मी विसरले नाही.

जखम झाली की रक्तातील प्लेटलेट नावाचे कण एकमेकांना चिकटून रक्त थांबवतात. ॲस्पिरिन त्यांची ही शक्ती काढून घेते. नवे कण तयार होईपर्यंत ७ ते १० दिवस तिचा परिणाम राहतो. डेंग्यूत हे कण आधीच कमी होतात. म्हणून तापाचे कारण कळेपर्यंत ॲस्पिरिन नको. बेताच्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

१६ वर्षांखालील मुलांना तर ही गोळी आपल्या मनाने कधीच देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांत तिच्यामुळे यकृताला व मेंदूला इजा करणारा, क्वचित होणारा पण जीवघेणा आजार उद्भवू शकतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी त्याचे वर्णन १९६३ साली केले. पोटात व्रण, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मग ही गोळी वाईटच का? मुळीच नव्हे. निरोगी, मोठ्या माणसाचे साधे डोके दुखत असेल, ताप नसेल, तर जेवणानंतर एखादी घेण्यास हरकत नसते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना डॉक्टर रोज लहान मात्रा, बहुधा ७५ मिलिग्रॅम, देतात. तेथे रक्ताची गुठळी होऊ न देणे हाच तिचा गुण. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दात काढण्यापूर्वी मात्र डॉक्टरांना अवश्य सांगावे. आणि शेजारचे काका घेतात म्हणून धडधाकट माणसाने ती सुरूही करू नये. अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर गोळी देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो. आधी १०८ ला फोन करा.

सर्दी-डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ॲस्पिरिन असते. तेव्हा घरी गेल्यावर डबा उघडून पाकिटांवरची बारीक अक्षरे एकदा वाचा. आणि शेजारणीला गोळी देण्याआधी एवढेच विचारा : "ताप आहे का गं? वय किती? दुसरे औषध कोणते चालू आहे?" गोळीआधीचा हा प्रश्नच खरी माया.