पोर, घोडी आणि पहिली फेरी

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी बचत गटाची बैठक उरकून बसला असाल. एरवी आपण शेळ्या-कोंबड्यांवर बोलतो. आज घोड्यावर बोलायचंय. म्हणाल, घोड्याचं काम बाप्यांचं, आम्हाला काय त्याचं? पण आठवून बघा. दिवाळी झाली की माण, खटाव, आटपाडी, जत भागातला मेंढपाळांचा वाडा बाहेर पडतो. कुणी कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात जातं, कुणी घाट उतरून कोकणात. बाप्ये मेंढरांमागं पुढं निघून जातात. मागं घोड्यावर बिऱ्हाड लादतं कोण? जाळ्या, भांडी, कोंबड्या, वर लहान लेकरू, हे सगळं बांधून दोर धरून चालतं कोण? बाईच ना? मग घोड्याचं जेवढं बाईला कळतं, तेवढं दुसऱ्या कुणाला कळावं?

आपलं हे ठेंगणं, काटक तट्टू म्हणजे भीमथडी. मराठ्यांच्या फौजा याच दख्खनी घोड्यांवर फिरल्या. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. तेव्हापासून आपल्या तट्टाकडं लोक जरा मानानं बघायला लागलेत. जत्रेत खिल्लार खोंडाबरोबर, मेंढ्याबरोबर घोडंही दाखवायला न्यावं, त्यावर पोरालाही बसवावं, अशी हौस घरोघरी वाढलीय. हौस चांगलीच आहे. पण त्याआधी माझ्याकडून काय चुकलं ते ऐका.

बारा वर्षं झाली. माझा थोरला तेव्हा सात वर्षांचा होता. भावजींनी नवं शिंगरू आणलं होतं. उमदं होतं, पण पाठीवर खोगीर चढून महिनाही झाला नव्हता. जत्रेला पोराला त्यावर बसवायचं ठरलं. सकाळी फेटा बांधताना पोरगं म्हणालं, "आई, पोटात दुखतंय." मी म्हणाले, "काही होत नाही, बस गप." रिंगणात हलगी कडाडली, शिंगरू दोन पायांवर उभं राहिलं आणि पोरगं खाली आलं. कोपर मोडलं. हाड जुळलं, पण तो त्यानंतर घोड्याजवळ गेला नाही. आजही जात नाही. शिंगराची चूक नव्हती, पोराची तर नव्हतीच. दोघांनीही आपापल्या परीनं नको म्हटलं होतं. ऐकणारी मीच बहिरी होते.

त्यानंतर धाकटी लेक घोडीवर बसायचं म्हणाली, तेव्हा मी पहिल्यापासून शिकले. तेच आज सांगते.

पहिली गोष्ट, जनावर निवडायची. पोर नवखं असेल तर घोडं जाणतं हवं. आमची पाखरी घोडी चौदा वर्षांची. वाड्याबरोबर दहा हंगाम चाललेली, गाडीच्या भोंग्याला न बुजणारी. दिसायला काही खास नाही. पण पहिल्या वेळेला देखणेपण बघू नका, स्वभाव बघा. माजावर आलेली घोडी आणि उसळता घोडा लहान लेकराखाली नको.

दुसरी गोष्ट, दवाखाना. दोन-तीन महिने आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. धनुर्वाताची लस घोड्यालाही द्यायची असते. घोड्याच्या जातीला हा रोग फार लवकर होतो. पोराची लसही राहिलीय का, तेही त्याच दिवशी आरोग्य केंद्रात बघून घ्या. घोड्याच्या नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत असेल, अंगावर गाठी येऊन फुटत असतील, तर लगेच डॉक्टरांना कळवा आणि पोराला लांब ठेवा. ग्लँडर्स नावाचा रोग असा दिसतो आणि तो माणसालाही होतो. मोठ्या बाजारात, प्रदर्शनात या रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला मागतात. आधीच चौकशी करा. खूर दीड-दोन महिन्यांनी नालबंदाकडून कापून, नाळ तपासून घ्या. पण जत्रेच्या आदल्या दिवशी नको. खिळा चुकीचा बसला तर घोडं लंगडतं.

तिसरी गोष्ट, खाणं. जत्रा जवळ आली की घरातला प्रत्येक जण घोड्याला काहीतरी चारायला बघतो. गूळ काय, हरभरा काय, तूप काय. बायांनो, घोड्याला ओकता येत नाही. पोटात बिघडलं तर ते बाहेर पडायला वाट नाही. पोटशुळानं घोडं रात्रीत जातं. म्हणून नवा खुराक आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवायचा. आधी गवत-कडबा, मग दाणा. दाणा खाऊन तासभर तरी पाठीवर बसायचं नाही. पाणी मात्र कधी तोडायचं नाही. अंगाला चमक तुपानं येत नाही, रोजच्या खराऱ्यानं येते. आणि खरारा पोराच्याच हातानं करून घ्या. त्यात दोघांची ओळख होते.

चौथी गोष्ट, पोराची शिकवण. ती जमिनीवरून सुरू करा. घोड्याचे डोळे कडेला असतात. अगदी मागचं आणि कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. मागून कधी नाही. खाऊ पसरलेल्या तळहातावर द्यायचा. दोर हाताला गुंडाळायचा नाही, नुसता धरायचा. धाकटीनं पंधरा दिवस पाखरीला नुसतं पाण्यावर नेलं आणि आणलं. शेजारपाजारचे विचारायचे, "अजून बसली न्हाई व्हय?" विचारू देत.

मग पाठीवर. रोज पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. खोगिराखालच्या घोंगडीला एकही चुणी नको. तंग आवळताना घोडं पोट फुगवतं, म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा आवळा. रिकीब पोराच्या मापाची हवी. पायात टाच असलेला बूट हवा, चप्पल नको. चपलेचा पाय रिकिबीत अडकतो आणि पडलेलं पोर फरफटत जातं. वाड्यात आपण लेकरू ओझ्यावर बांधतो, ते घोडं धरून पावलानं चालवायचं असतं म्हणून. खोगिरावर पोराला कधीही बांधू नका. डोक्याला हेल्मेट पाहिजे. घोडेस्वारीचं मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं तर निदान मुलांचं सायकलचं, मापाचं, हनुवटीखाली पट्टा घट्ट बसणारं. फेट्यानं डोकं वाचत नाही. फेटा खाली उतरल्यावर फोटोपुरता बांधा.

पहिला धडा चालायचा नाही, थांबायचा. "थांब" म्हटलं की घोडी थांबते, हे पोराला एकदा कळलं की निम्मी भीती जाते. मग वळणं, मग गोल फेरी, मग चार घोड्यांत एका घोड्याचं अंतर राखून चालणं. नजर घोडीच्या दोन कानांमधून पुढं. आणि उतरायचं कसं तेही शिकवा. दोन्ही पाय रिकिबीतून काढून, पोटावर झुकून, घसरत खाली.

पाचवी गोष्ट, आवाज. घोडं बुजतं ते हलगी, ताशे, फुगे, उघडणारी छत्री, फडफडणारा झेंडा यांना. आधी लांबून ऐकवा, मग रोज थोडं जवळ. आम्ही आठवडे बाजाराच्या कडेला पाखरीला नुसतं उभं करायचो. कान ताठ झाले की थांबायचो, मान खाली आली की पुढं जायचो.

आता जत्रेचा दिवस. सकाळी लवकर पोचा. रिंगणाची कड पोराला आधी पायी दाखवा. मग घोडी आणि पोर दोघांकडं नीट बघा. कान मागं चिकटलेत, शेपटी सारखी झटकतेय, न पळता घाम येतोय, खात नाही, हे घोडीचं नको म्हणणं. पोर एकदम गप्प झालंय, हात सोडत नाही, पोटात दुखतंय म्हणतंय, हे पोराचं नको म्हणणं. ज्या घरात हे ऐकलं जातं, त्या घरातलं पोर पुढच्या वर्षी स्वतःहून बसतं.

आमच्या घरी मी एकच अट घातली होती, दोर माझ्या हातात राहील. आत्याबाई म्हणाल्या, "चार माणसांत बाईमाणूस घोडं धरून चालणार?" मी म्हटलं, "आत्या, तुम्ही तीस वर्षं घाटातनं घोडं धरून चालला. तेव्हा बघायला कुणी नव्हतं, एवढाच फरक." त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं उठून स्वतःच पाखरीच्या कपाळाला गोंडा बांधला.

धाकटीनं दोन फेऱ्या नीट काढल्या. तिसरीला मागं फटाके वाजले. पाखरीचे कान फिरले, मला दोरातून तिचं अंग ताठलेलं कळलं. वर बघितलं तर पोर म्हणाली, "आई, बास." मी तिथंच वळले आणि बाहेर आणली. मालक कडेला उभे होते. "एकच फेरी राहिली होती," म्हणाले. मी म्हटलं, "राहू दे." थोरला गाडीपाशी उभा होता. त्यानं बहिणीला उतरवून घेतलं. पाखरीला हात लावला नाही, पण पाण्याची बादली मात्र तिच्यापुढं नेऊन ठेवली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

बक्षीस मिळालं नाही. संध्याकाळी धाकटी विचारत होती, पुढची जत्रा कधी.

बायांनो, पहिल्या फेरीकडून एवढंच मागायचं असतं. पोर धड घरी यावं, जनावर धड घरी यावं, आणि दोघांना परत जावंसं वाटावं. घोडीला रोज पाणी दाखवणारी तुम्ही, पोराच्या पोटातलं ओळखणारी तुम्ही. मग कधी थांबायचं, हे सांगायचा हक्कही तुमचाच. तो चार माणसांच्या भिडेपायी सोडू नका. एवढं बोलून थांबते. राम राम.