सायकलची वाट आणि समाजाचा पुढाकार

(भाषणाचा संपादित अंश)



नगरविकासाचा विषय निघाला की उड्डाणपूल, रुंद रस्ते आणि वाहनतळ यांचीच चर्चा होते. सायकलने शाळेत जाणारी मुलगी, पहाटे दौंड स्थानक गाठणारा नोकरदार, शिरूरच्या बाजारपेठेत कामाला येणारा श्रमिक यांचा उल्लेखही होत नाही. कारण उघड आहे. जेथे धोरण ठरते, तेथे त्यांच्या वतीने बोलणारा कोणी नसतो.

पुण्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. एके काळी ते सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. पुढे स्वयंचलित दुचाक्यांचा पूर आला आणि सायकलस्वार रस्त्याच्या कडेला ढकलला गेला. वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य देणारे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण २००६ साली आले. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडाही संमत केला. तरीही सायकलमार्गावर उभ्या मोटारी आणि हातगाड्या दिसतात. ठरावाने मार्ग आखला जातो. तो टिकतो नागरिकांच्या जागरूकतेने. गमावलेली सवय परत आणणे किती दुष्कर असते, हा यातील धडा आहे.

शिरूर आणि दौंड येथे अजून वेळ गेलेली नाही. गावातील अंतरे सायकलच्या आवाक्यातील आहेत. मात्र एक अडचण ध्यानात घ्यावी. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या, त्या तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. आपल्या नगरपरिषदा त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत. म्हणजे लोकसहभागाचे ते दार आपल्यासाठी आपोआप उघडत नाही.

म्हणून स्वस्थ बसावे काय? १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. २००५ च्या माहिती अधिकाराने रस्त्यांचे नकाशे आणि खर्चाचे तपशील मागता येतात. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी सुचविलेली कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू झाली; तसा आग्रह आपणही धरू शकतो.

परंतु मागणी अभ्यासपूर्ण हवी. प्रत्येक वस्तीतील चार-पाच जणांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शाळा, स्थानक आणि बाजार येथील सायकलींची मोजणी करावी. धोक्याची वळणे नकाशावर नोंदवावीत. रस्ता नगरपरिषदेचा की महामार्गाचा, जागा रेल्वेची की गावाची, हे तपासून निवेदन योग्य कार्यालयाकडे द्यावे. दुकानासमोरील जागा जाईल, ही व्यापाऱ्यांची चिंताही आस्थेने ऐकावी. त्यांना बरोबर घेतल्याविना कोणताही मार्ग मोकळा राहणार नाही. आणि आपली स्वतःची गाडी सायकलच्या वाटेवर उभी न करण्याचे व्रत प्रथम आपल्या घरापासून सुरू व्हावे.

शासनाने करावे आणि समाजाने पाहत राहावे, ही वृत्ती राष्ट्राला परावलंबी बनवते. सायकलस्वार बहुधा अल्प उत्पन्नाचा असतो, विद्यार्थी असतो, वृद्ध असतो. तो आपलाच बांधव आहे. त्याला सुरक्षितपणे घरी पोहोचता यावे, यासाठी नगरपरिषदेच्या दारात उभे राहणे हेही समाजकार्यच होय. ते आपण याच वर्षी हाती घेऊ या.