गडद हिरवी भिंत: हौस आणि काळजी

सण जवळ आला की घराला रंग काढायचं मनात येतं. यंदा आमच्या बचत गटात सगळ्यांच्या तोंडी एकच रंग होता, गडद हिरवा. हिरव्या चुड्याची माया असलेल्या आपण बायका, भिंतीला तरी दुसरा रंग कसा आवडणार! गटातल्या तिघींची घरं आम्ही मिळून रंगवली. त्यात जे शिकलो, ते आज सांगतो.

पहिल्या घरात माजघराच्या चारही भिंती हिरव्या केल्या. रंग सुरेख दिसला, पण खिडकी एकच आणि तीही लहान. भरदुपारी दिवा लावायची वेळ आली. मुलं वह्या घेऊन ओट्यावर जाऊन बसली. गडद रंग उजेड पिऊन टाकतो, पांढरा तो परत देतो. म्हणून दुसऱ्या घरात खिडकीसमोरची भिंत आणि छत पांढरंच ठेवलं. हिरवा दिला तो एका बाजूच्या भिंतीला. बाकी ठिकाणी खाली तीन फुटांचा हिरवा ऑइल पेंटचा पट्टा काढला. हाताचे डाग ओल्या फडक्याने निघतात आणि रंगही कमी लागतो.

आणखी एक. ओल असलेल्या भिंतीला किंवा हाताला पांढरं लागणाऱ्या जुन्या चुन्यावर ऑइल पेंट देऊ नका. पोपडे धरतात. आधी ओल कुठून येते ते बघा, सुटा चुना खरवडून काढा, भिंत वाळू द्या, मग प्रायमर आणि रंग.

तिसऱ्या घरात मात्र आम्ही दचकलो. जुनं हिरवं दार पॉलिशपेपरने कोरडंच घासायला घेतलं होतं आणि त्याच धुळीत लेकरं खेळत होती. गटातल्या आशाताईंनी काम थांबवलं. पूर्वी हिरवा रंग पुष्कळदा शिशाचा पिवळा रंग आणि निळा रंग मिसळून करत. ती धूळ हाताला लागून पोटात गेली, तर शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं. गरोदर बाईलाही ते घातक. शिशाचं थोडं प्रमाणही सुरक्षित नाही.

म्हणून जुना रंग घट्ट असेल तर खरवडूच नका. घासावाच लागला तर पाणी मारून, ओला करून घासा. मुलं आणि गरोदर बाई यांना घराबाहेर ठेवा. नुसत्या पदराने बारीक धूळ अडत नाही, चांगला मास्क लावा. नंतर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि जुन्या रंगीत दाराची फळी चुलीत कधीच घालू नका. धुरातून शिसं घरभर जातं.

नवा रंग घेताना डबा वाचा. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही, आणि तसं डब्यावर लिहावं लागतं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. असं काही लिहिलेलं नसेल, तर तो डबा परत ठेवा.

ते दार आता पुन्हा हिरवंगार झालंय. लेकरं त्याला टेकूनच अभ्यास करतात, पण आता आम्हाला धास्ती नाही. तुम्हीही हौस करा, जपून करा.