नटीचा फोटो आणि माझा फोटो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण जे सांगायचे आहे ते तुमच्यासमोरच सांगायला हवे. कारण चूक माझी, आणि ती आपल्या मंडळातल्या दोन भगिनींना भोवली.

दोन वर्षांपूर्वी वारज्याच्या उड्डाणपुलाजवळ एक मोठा फलक लागला होता. त्यावर एक प्रसिद्ध नटी, आणि खाली ‘महिन्यात दहा किलो वजन कमी’. माझे वजन तेव्हा ७८ किलो होते, जिना चढताना गुडघे बोलत. मनात म्हटले, एवढी मोठी बाई खोटे कशाला सांगेल? भिशीचे अठरा हजार हाती आले होते. घरात न सांगता ते तिथे भरले.

सकाळी पावडरीचे पेय, दुपारी पातळ सूप, रात्री पुन्हा तेच पेय. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले, दोन महिन्यांत आठ. केस गळू लागले आणि मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ओटा पुसता पुसता चक्कर आली. तरी मी खूश होते! तेव्हा केंद्रातली बाई म्हणाली, “काकू, तुमचा आधीचा आणि आताचा फोटो भिंतीवर लावू. पुढच्या महिन्याची फी माफ.” मी हो म्हटले. तो फोटो पाहून आपल्या दोघी भगिनींनी पैसे भरले. भिंतीवर मी हसत होते आणि घरी माझा काटा परत चढत होता. सहा महिन्यांत ७९ झाले. ते मी कोणालाही सांगितले नाही. माझा अपराध तो हाच.

डोळे उघडले ते मुलीमुळे. अकरावीतली पोर, तिचा डबा रोज भरलेला परत येऊ लागला. रागावले तर म्हणाली, “आई, तूही जेवत नव्हतीसच ना?” भगिनींनो, त्यावर मला उत्तर सुचले नाही.

तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मलाच समजावले. पहिल्या आठवड्यात उतरते ते बहुतेक पाणीच. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. बैठे काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १,६६० उष्मांक लागतात. मी सातवी शिकलेली, पण हिशेब येतो. महिनाभर नुसत्या पाण्यावर राहिले तरी साडेसहा किलोच चरबी जाईल. मग दहा किलो कुठून जाणार? हा हिशेब पैसे भरण्याआधी मांडायला हवा होता.

नटीचे शरीर हा तिचा व्यवसाय आहे. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी ‘वजनदार’ या २०१६ च्या चित्रपटासाठी मुद्दाम वजन वाढवले होते. भूमिका मागेल तसे शरीर त्या करतात. त्यांच्या दिमतीला माणसे असतात. आपल्याला सगळ्यांच्या पोळ्या लाटून मग सूप प्यायचे असते. अमेरिकेतल्या ओप्रा विन्फ्रे यांनी २०१५ साली ‘वेट वॉचर्स’ या वजन घटवणाऱ्या कंपनीचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला आणि तिचा प्रचार केला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनीच सांगितले की, आपण वजनासाठी औषध घेतो. २०२४ मध्ये त्यांनी संचालकपद सोडण्याचे जाहीर केले. एवढ्या पैशावाल्या बाईची ही कथा, मग आपली काय?

आपल्याकडे कायदा आहे, हे मुलीने मला वाचून दाखवले. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीबद्दल कंपनीला आणि जाहिरातीतल्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. त्या व्यक्तीला वर्षभर जाहिराती करण्यास मनाई होऊ शकते, पुन्हा केल्यास तीन वर्षे. चरबी घटवण्याच्या यंत्राबद्दल अवास्तव दावे केले म्हणून २०२५ साली व्हीएलसीसी कंपनीला तीन लाखांचा दंड झाला. एका बैठकीत ६०० ग्रॅम वजन आणि सात सेंटिमीटर घेर कमी होईल, असे त्या जाहिरातीत होते.

२०२२ च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. जाहिरात करणाऱ्याचे कंपनीशी देण्याघेण्याचे नाते असेल तर ते उघड सांगावे. हे ऐकून माझी मान खाली गेली. नटीला लाखो मिळाले असतील, मला एक महिन्याची फी. पण ते मी तरी कुठे सांगितले? नटी लांबची, तिच्यावर निम्मा विश्वास बसतो. मी शेजारची, माझ्यावर पुरता बसला.

गेल्या महिन्यात केंद्रात जाऊन मी माझा फोटो उतरवून घेतला. दोघी भगिनींच्या घरीही जाऊन आले. एकीने चहा दिला, एकीने दिला नाही. तिचे बरोबर आहे. पुढची भिशी लागेल तेव्हा दोघींचे पैसे परत करणार आहे. हे आज सर्वांसमोर सांगते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

एवढीच विनंती, की पैसे भरण्याआधी आपल्यातल्या चौघींना विचारा, डॉक्टरांना विचारा. फसलात तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करा. लाज बाळगू नका. मी आणि मुलगी रोज सकाळी वारज्याच्या टेकडीवर फिरायला जातो, आणि घरी येऊन दोघी एका ताटात भाजी-भाकरी खातो. माझे वजन आज ७५ आहे. त्याचा फोटो मात्र कोणालाही देणार नाही! ज्यांना सोबत हवी त्यांनी सहा वाजता यावे, फी नाही.