आढे : छपराचे आणि कुळाचे

(इच्छापोर, सुरत येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कौलारू देवळाच्या छपराचे दोन उतार जेथे एकत्र येतात, त्या माथ्याला आढे म्हणतात. पावसाला आत शिरण्याची सर्वांत सोपी वाट तीच. म्हणून दोन्ही पाख्यांवर बसतील अशी कोन्याची कौले तेथे चुन्यात घट्ट बसविली जातात. आधी या दुबळ्या सांध्याचे रक्षण, मग शोभा, असा हा क्रम आहे.

जपानी शिल्पींनी याच क्रमातून मोठी कला निर्माण केली. तेथील मंदिरांच्या आढ्यावर कौलांचे थर रचून जाड बांध घालतात आणि त्याची उघडी टोके राक्षसमुखाच्या कौलांनी झाकतात. त्यास 'ओनिगावारा' म्हणतात. पाणी अडविणे व अरिष्ट दूर ठेवणे, ही दोन्ही कामे त्या मुखाकडे असतात. नागोया किल्ल्याच्या माथ्यावर व्याघ्रमुखी माशांची सोनेरी जोडी असे. हे मासे आगीपासून वास्तूचे रक्षण करतात, अशी श्रद्धा. १९४५ च्या हवाई हल्ल्यात तो किल्लाच जळाला. तथापि १९५९ मध्ये मुख्य मनोरा पुन्हा उभारला गेला, तेव्हा नगरवासीयांनी माशांची जोडीही पुन्हा माथ्यावर चढविली.

तेथे आणखी एक चाल आहे. बांधकामाचे वर्ष, दाते व सुतार यांची नावे लाकडी पट्टीवर लिहून ती आढ्यापाशी लावतात. 'मुनाफुदा' नावाच्या या पट्ट्यांवरून कित्येक वास्तूंचा काळ निश्चित झाला आहे.

भाषेची साक्षही बोलकी आहे. जपानीत मुख्य सुताराला 'तोर्यो' म्हणतात. शब्दशः अर्थ आढे आणि तुळई. इच्छापोरात रोज कानी पडणाऱ्या गुजरातीत आढ्याला 'मोभ' म्हणतात आणि घरातील कर्त्या पुरुषाला 'मोभी'. दोन दूरच्या समाजांना कर्त्या माणसासाठी छपराचाच माथा आठवावा, हे अर्थपूर्ण आहे. 'महाजन' या पदाचा भारही तोच.

जुनी कौले उतरवून काँक्रीटची स्लॅब घालण्याचा प्रश्न आज अनेक देवस्थानांपुढे येतो. गावापासून दूर, सपाट गच्चीखाली राहणाऱ्या कुटुंबांकडूनही त्यासाठी वर्गणी जाते. वर्गणीसोबत एक विचारणाही जावी : जुने आढे दुरुस्त होण्याजोगे आहे काय? नसल्यास ते उतरविण्यापूर्वी त्याची मापे, छायाचित्रे आणि कारागिरांची नावे देवस्थानच्या दप्तरी नोंदवावीत. छप्पर बदलले तरी ते ज्यांनी पेलले त्यांची नोंद उरावी, एवढे महाजनांच्या हाती निश्चित आहे.