आमची जुनी गाडी आणि मी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला मुळीच सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. या मंडळात आजवर मी हळदीकुंकवाची तयारी आणि सहलीचा हिशेब एवढेच केले. परंतु रविवारी सकाळी मी अंगणात मोटारीचे बॉनेट उघडून उभी असते, हे तुम्ही जाता येता पाहता. चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "तू तिथं काय करतेस ते एकदा सगळ्यांना सांगच." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आमची गाडी मारुती ८००. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, २००३ साली घेतली. कारखान्याने ही गाडी बनवणे २०१४ च्या जानेवारीत बंद केले. तेव्हापासून येणारा जाणारा विचारतो, "अजून किती दिवस ठेवणार?" पंधरा वर्षे झाली की गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, मग दर पाच वर्षांनी. तेही आम्ही करतो. नवी घेण्याची ऐपत नाही, हे उघडच सांगते. त्यात लाज कसली?

आता मी या कामात कशी पडले ते सांगते. २०१७ चा मे महिना. सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन पुण्याला झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला परत निघालो. खंबाटकीचा घाट चढताना बॉनेटमधून वाफ येऊ लागली. आमच्या ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि घाईघाईने फडक्याने रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी कारंज्यासारखे उडाले. त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. दुपारी एकची वेळ, सासूबाईंच्या डोळ्यावर पट्टी, आणि झाडही जवळ नाही. मी त्यांच्या डोक्यावर पदर धरून दोन तास उभी होते. शेवटी एका ट्रकवाल्या भाऊंनी दोरी बांधून गाडी ओढून नेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले मिस्त्री आले. रबरी पाइपाला बारीक चीर गेली होती आणि थेंब थेंब पाणी जात होते. ते म्हणाले, "साहेब, बाटली कोरडी ठणठणीत आहे. कित्येक महिन्यांत कुणी बघितलीच नाही का?" ह्यांनी माझ्याकडे बघितले, मी ह्यांच्याकडे. डब्यात डाळ किती उरली हे मला न उघडता सांगता येते. आणि ज्या गाडीत घरातली सगळी माणसे बसतात, तिच्यातले पाणी चौदा वर्षांत मी एकदाही पाहिले नव्हते! ह्यांना वाटे, गॅरेजवाले बघतात. गॅरेजवाल्यांना वाटे, मालक बघतो.

ते झाकण का उडाले हे मिस्त्रींनी मला एका वाक्यात समजावले. "वहिनी, हा कुकर आहे." आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि सगळे पाणी एकदम उसळते. शिट्टी चालू असताना कुकर आपण उघडतो का? इंजिन पूर्ण गार होईपर्यंत, अर्धा तास लागो की तास, त्या झाकणाला हात लावायचा नाही. आणि आत नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतायचे नाही. बंबाच्या तळाशी क्षार बसतात तसे ते आत बसतात. हिरवे कूलंट मिळते, ते घालायचे. अडल्या वेळी साधे पाणी चालेल, पण मग लवकरच ते बदलून घ्यायचे.

त्या दिवसापासून रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मी बॉनेट उघडते. प्रथम पाण्याची बाटली. मग ऑइलची पट्टी बाहेर ओढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का बघायचे. गाडी सपाट जागेवर हवी. ऑइल काळे झाले म्हणजे बिघाड झाला असे नव्हे, ते काळे होतेच. मात्र दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले असे समजावे आणि गाडी सुरूच करू नये.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी हिरवी बुरशी धरते. आमच्या शेजारच्या वहिनींना एका गॅरेजमध्ये सांगितले होते की बॅटरी गेली, नवी घ्या. मी बघितले तर नुसती बुरशी! तारा सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टोके घासली, कोरडी केली आणि व्हॅसलीन लावले. तीच बॅटरी पुढे दीड वर्ष चालली. तार सोडताना आधी वजा खुणेची, आणि लावताना तीच शेवटी. टोपणांची बॅटरी असेल तर आत डिस्टिल्ड वॉटरच घालायचे. जवळ काडी ओढायची नाही.

आणि भगिनींनो, हे आपल्यासाठी खास. हातातल्या पाटल्या, बांगड्या आधी काढून ठेवा. सोन्याची बांगडी बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकली तर क्षणात तापून मनगट भाजते. मंगळसूत्र आत खोचा, पदर कमरेला बांधा. गरम इंजिनाचा पंखा अचानक फिरू लागतो. मी तर ह्यांचा जुना सदराच चढवते. सुरुवातीला ह्यांना ते आवडले नाही. म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "घाटात लोक कुठे होते?" त्यावर ते काही बोलले नाहीत.

वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी, ऑइल बदलतो. आमची गाडी फार धावत नाही, म्हणून तेवढे पुरते. पहिल्या वर्षी काय झाले सांगू? जुने ऑइल घमेल्यात काढले, फिल्टर बदलला आणि ऐटीत नवे ऑइल ओतू लागले. खालचा बोल्ट लावलाच नव्हता! अंगण नुकतेच सारवून घेतले होते. लाकडाचा भुसा टाकून टाकून दोन दिवस साफ करत होते. मुलगा अजून चिडवतो. जुने ऑइल मात्र गटारात कधी ओतू नका. मी कॅनमध्ये भरून मिस्त्रींकडे देते, त्यांच्याकडून ते गोळा करणारे नेतात.

सगळे घरी करता येते असे माझे म्हणणे नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी जात नाही, मुलालाही जाऊ देत नाही. ब्रेकचे कामही मी करत नाही. पण बघते. २०२१ च्या फेब्रुवारीत ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खुणेखाली दिसली. ह्यांनी वर भर घातली. पुढच्या रविवारी पुन्हा खाली. हे म्हणाले, "जुनी गाडी, थोडं संपायचंच." मी म्हटले, "अहो, ते काही पेट्रोल नाही संपायला. कुठेतरी जातंय." चार दिवसांनी नणंदेच्या मुलीचे लग्न महाबळेश्वरला, सहा माणसे त्या गाडीत कोंबून न्यायची होती. मी हट्टच धरला. मिस्त्रींनी मागचे डावे चाक काढले, तर आतून ब्रेक ऑइल गळून सगळे ओले झाले होते. त्यांनी मान वर करून विचारले, "या गाडीनं घाट उतरणार होता?" हे बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. लग्नाला आम्ही एस. टी. ने गेलो.

तेव्हापासून रविवारी कंदील धरायला, म्हणजे बॅटरीचा उजेड दाखवायला, हे स्वतः येतात. सासूबाई तर गाडीत पाय ठेवण्याआधी विचारतात, "पाणी बघितलंस का गं?" मी हो म्हटल्याशिवाय बसत नाहीत.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी आठला आमच्या अंगणात यावे. एक जुने सुती फडके आणावे आणि बांगड्या घरी ठेवून याव्या. चहा माझ्याकडे.