स्ट्रॉम्बोलीचा धगधगता डोंगर

सुट्टीत मुलांना जिवंत ज्वालामुखी दाखवायचा म्हटलं की आजीच्या पोटात गोळा येणारच! पण इटलीत, सिसिलीच्या उत्तरेला असलेल्या स्ट्रॉम्बोली बेटावर लोक पिढ्यानपिढ्या त्याच्या पायथ्याशीच संसार करतात. 924 मीटर उंचीचा हा डोंगर साधारण दर दहा-वीस मिनिटांनी खाकरतो. शिलारसातून वायूचे मोठाले बुडबुडे वर येऊन फुटतात, लाल ठिणग्यांचा फवारा उडतो आणि तापलेले दगड काळ्या उतारावरून गडगडत समुद्राकडे निघतात. 2019च्या जुलैत मात्र मोठा स्फोट होऊन एक गिर्यारोहक दगावला आणि चढाईवर कडक निर्बंध आले. लहान मुलं बरोबर असतील तर संध्याकाळी होडीतूनच तो पाहिलेला बरा. किनाऱ्यावर चपला मात्र काढू नका. काळी वाळू उन्हात चांगलीच पोळते.